एका उकळीतली माणसं

"बघ, सील हाय," अण्णा म्हणाले.

इंजेक्शनचं पाकीट त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरलं होतं. आधी पुढची बाजू, मग मागची. मी मान हलवल्याशिवाय ते फाडायचे नाहीत.

"बघितलं. फाडा आता."

"तारीख वाच."

"अण्णा, शेवटचं हाय हे. फाडा की."

"वाच म्हंतो न्हवं."

मी तारीख वाचली. मग त्यांनी पाकीट फाडलं, पोटाची चिमूट धरली आणि सुई कधी गेली ते मला कळलंही नाही. माझे वडील सत्त्याहत्तर वर्षांचे, पण सुई हातात आली की हात दगडासारखा स्थिर. दर रविवारी एक, अशा अठ्ठेचाळीस सुया झाल्या. माझी बायको मालन दारात उभी होती. तिने देवापुढे साखर ठेवली आणि डोळ्यांना पदर लावला. अण्णांनी कापूस दाबून धरला, रिकामी सिरिंज डब्यात टाकली आणि हात धुवायला मोरीकडे गेले.

पहिल्या सव्वीस रविवारी ते मला पाकीट दाखवत नव्हते. ही पद्धत सत्ताविसाव्या रविवारी सुरू झाली, आणि ती का सुरू झाली हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

मला हेपटायटिस सी झाला होता. साखर कारखान्यात मी टाइमकीपर होतो, तिथल्या तपासणीत सापडला. ही कावीळ माणसाला पिवळा करत नाही. वीस-पंचवीस वर्षं गप्प बसून यकृत खाते. रक्तातून येते, दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून येते. आता म्हणे तीन महिन्यांच्या गोळ्यांत बरी होते. तेव्हा तसं नव्हतं. वर्षभर दर आठवड्याला इंजेक्शन, रोज मूठभर गोळ्या आणि प्रत्येक इंजेक्शननंतर दोन दिवस हाडं फोडणारा ताप. तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत लाल माती अंगाला लावलेला माणूस मी. चौऱ्याऐंशी किलोंचा एकोणसाठवर आलो. केस उशीवर राहायला लागले. पण त्याहून वाईट म्हणजे डोकं. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी ताट भिंतीवर फेकलं होतं. मालन तुकडे गोळा करत म्हणायची, "तुमी न्हाई, औषध बोलतंय." त्या वर्षात माझ्या तोंडून जे जे वाईट निघालं ते सगळं तिने औषधाच्या नावावर घातलं.

अण्णा गावचे कंपाउंडर. डॉक्टर तालुक्याला राहायचे, आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे अण्णाच. काचेची सिरिंज, स्टीलची पेटी, स्टो. चौतीस वर्षं त्यांनी गावाला सुया टोचल्या.

सव्विसाव्या रविवारी संध्याकाळी मी थंडीने उडत होतो. अण्णांनी माझ्यावर तिसरी वाकळ घातली आणि म्हणाले, "सोस जरा. औषध चांगलं हाय."

मी म्हणालो, "तुमच्याच सुईनं झालंय हे मला. लहानपणापासनं मलाच टोचत आलायसा. गावात आणिक किती जणांस्नी दिलंय, मोजा की एकदा."

मालन धावत आली. "अण्णा, मनावर घेऊ नका. औषध बोलतंय."

अण्णांनी वाकळीचं टोक माझ्या पायांखाली नीट खोचलं. "औषध ताप आणतंय, केस घालवतंय," ते म्हणाले. "असलं वाक्य न्हाई आणत."

पुढच्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा पाकीट माझ्यासमोर धरलं. मग बावीस आठवडे धरत राहिले.

औषध थांबलं की माणूस दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागतो, अशी माझी समजूत होती. कशाचं काय. रविवार आला की संध्याकाळी अंग आपोआप थरथरायला लागायचं, औषध नसतानाही. दहा पायऱ्या चढलो की मध्ये बसावं लागे. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी रडू यायचं. मालन म्हणायची, "आता कशाला रडतासा? संपलं की." मला तरी कुठे ठाऊक होतं. वर्षभर एका गोष्टीशी झोंबत होतो आणि ती एकाएकी हातातून सुटून गेली. रिकामे हात कुठे ठेवावेत ते समजेना. दुसऱ्या महिन्यात भाकरीची चव परत आली. तिसऱ्या महिन्यात केस उगवले, पांढरे आणि तान्ह्या पोरासारखे मऊ. एका सकाळी पाच बैठका मारल्या आणि सहाव्या वेळी उठता न आल्याने तसाच जमिनीवर बसून हसलो.

शरीर असं कणाकणाने परत येत होतं. ते एक वाक्य मात्र परत घ्यायचं राहिलं होतं. रोज ठरवायचो, आज अण्णांना सांगून टाकू. पण ते परत घ्यायचं तर त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठेवावं लागणार होतं, आणि ते ठेवायला जीभ उचलत नव्हती.

आणि अण्णा घरात सापडेनासे झाले. सकाळी चहा घेतला की छत्री उचलायची आणि बाहेर पडायचं, ते बाराला परत. विचारलं तर म्हणायचे, "जरा पाय मोकळं केलं." एके दिवशी मालन गिरणीतून दळण घेऊन आली ती पिठाचा डबा तसाच खाली ठेवून माझ्यासमोर बसली.

"अण्णा काय करत्यात कळलं का तुमास्नी?"

"काय?"

"घरोघर जात्यात. एकेकाला बसवून सांगत्यात, मी तुला सुई दिली हुती, रक्त तपासून घे. रोज दोन घरं. निम्मी माणसं हसत्यात. पाटलाची सून म्हनली, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. शंकरनं तर अंगणातनं हाकलून लावलं, म्हनला, माझ्या पोरीचं लगीन ठरलंय, पुन्हा हितं हे नाव काढू नका." मालन रडायला लागली. "तुमी त्यांस्नी थांबवा. तुमच्याच बोलण्यानं चाललंय हे."

"औषध बोललं म्हनायचीस की तू."

"म्या म्हनलं," ती म्हणाली. "त्यांनी कुठं मानलं?"

मी थांबवलं नाही. सहा महिने होऊन शेवटचा रिपोर्ट आल्याशिवाय काही खरं नाही, अशी सबब मी स्वतःलाच दिली. रिपोर्ट आला की बोलू.

रिपोर्ट आला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "रक्तात विषाणू नाही. बरे झालात." मी पेढे घेतले आणि एसटीने गावात उतरलो. अण्णा घरी नव्हते. मालन म्हणाली, सुताराच्या सगुणाकडे गेलेत.

रामू सुताराची विधवा सगुणाबाई दारात बसून शेंगा फोडत होती. अण्णा पायरीवर, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. दोघांची माझ्याकडे पाठ. मी पेरूच्या झाडाशी थांबलो.

"रामूला टायफॉइड झाल्ता तवा मी चौदा सुया दिल्या," अण्णा सांगत होते. "साथ हुती. भाईर रांग. दर माणसाला सिरिंज उकळाय पायजे हे मला ठावं हुतं. पर रॉकेल नसायचं, येळ नसायचा. एका उकळीत सहा-सहा माणसं काढली मी. मधी नुसती स्पिरिटनं पुसायची, झालं. फुडं लिव्हरनं रामूच्या पोटात पानी झालं न् त्यो गेला. ते माझ्याच सुईनं झालं असंल, सगुणा. न्हाई बी असंल. पर असंल."

सगुणाबाईने हातातली शेंग सुपात टाकली.

"हे मला कशाला सांगितलासा, अण्णा?"

"तू रक्त तपासून घे म्हनून."

"सतरा वरसं म्या देवाला बोल लावला," ती म्हणाली. "देव काय दारावरनं जात येत न्हाई, बरं हुतं. तुमी तर रोज जानार. आता तुमास्नी लावू?"

"लाव."

"माजी दोन बाळंतपणं तुमच्या हातानं निभावली. दुसऱ्या येळेला चिखलातनं चालत आला हुतासा. कशी लावू?" तिने सूप बाजूला सारलं. "जावा तुमी घरला. तपासीन मी रक्त. पर हे बोलाय पुन्हा येऊ नका."

अण्णांनी टोपी घातली. वळले तेव्हा मी दिसलो. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. "अण्णा, रिपोर्ट आला. गेलं सगळं."

त्यांनी एक पेढा घेतला, अर्धा मोडून मला भरवला आणि उरलेला हातातच धरून चालायला लागले. आम्ही पाटाच्या कडेने घराकडे निघालो. थोडं गेल्यावर मी म्हणालो, "अण्णा, बसा जरा."

ते पाटाच्या दगडावर बसले. मी उभाच राहिलो.

"तुमच्या सुईनं न्हाई झालं हे मला. तालमीत झालं."

"तालमीत?"

"ताकदीची इंजेक्शनं मिळायची तवा. एक थोरला पैलवान बाटल्या आणून द्यायचा. जत्रंच्या कुस्त्या जवळ आल्या की आमी आठवड्याला घ्यायचो. वस्तादांच्या चोरून. एकच सिरिंज."

माझ्या कुस्तीचं त्यांना केवढं कौतुक! दवाखान्यात येईल त्याला सांगायचे, माझं पोरगं दुधा-बदामावर वाढलंय, ह्या हातानं बदाम भिजवतो मी.

"किती जण?" त्यांनी विचारलं.

"मी धरून आठ."

"टोचायचं कोण?"

मी पाटातल्या पाण्याकडे बघत उभा राहिलो.

"मीच," मी म्हणालो. "कंपाउंडरचा पोरगा म्हनून सगळी माझ्याकडंच यायची. सिरिंज तुमच्या पेटीतली. मी चोरून न्हेल्ती. गरम पाण्यानं धुवायचो आणि लंगोटाच्या टोकाला पुसायचो."

"आणि हे तुला कवापासनं ठावं?"

"पहिला रिपोर्ट आला त्या दिवशीपासनं."

म्हणजे सव्विसाव्या रविवारी ते वाक्य बोलताना मला सगळं माहीत होतं. ताप होता हे खरं, डोकं फिरलं होतं हेही खरं, पण मी ते पुरतं समजून बोललो होतो. मला ते ओझं कुठेतरी उतरवायचं होतं आणि समोर बाप होता. बाप सोसेल, एवढाच हिशोब. आजही मला त्याची जेवढी लाज वाटते तेवढी त्या सिरिंजची वाटत नाही.

मला वाटलं, आता अण्णा रडतील, नाहीतर कानफटात मारतील, आणि त्यानंतर तरी मोकळे होतील. मी म्हणालो, "म्हनून सांगतोय, अण्णा, तुमच्या हातनं काय झालं न्हाई. घरोघर जायाचं बंद करा."

"तुझं सुटलं," अण्णा म्हणाले. "रामूचं कुठं सुटलं? सहा माणसं एका उकळीत काढली ती काढलीच की." मग त्यांनी हातातला अर्धा पेढा खाल्ला. "त्या आठांतलं कोण कोण हाय आता?"

"नामा मगदूम गेला. सहा वरसं झाली. लिव्हरनंच."

"नामा? सुट्टीत आपल्याकडं यायचा त्यो?"

"व्हय."

"बाकीच्यांस्नी सांगितलंस?"

"न्हाई."

"नामाच्या घरात कोण असतंय?"

"आई. बायको. एक पोरगा."

ते गुडघ्यांवर हात देऊन उठले. "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. तू सांगायचं. मी नुसता संगं बसतो."

नामाचं गाव कागलच्या पुढे. एसटीतून उतरून माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसलो. वाटेत अण्णा एवढंच म्हणाले, "बायकोचं रक्त तपासायला लाव, ते इसरू नको." मी मनात वाक्यं जुळवत होतो. मावशी, नामाला मी इंजेक्शनं दिली. मावशी, माझ्या हातनं चूक झाली.

नामाची आई हिराबाई मला बघून एकदम उठली. "हिंदुराव न्हवं तू? अरं, किती वाळलाईस! आणि हे तुझं वडील?" तिने घोंगडं अंथरलं. समोरच्या भिंतीवर नामाचा फोटो होता. भगवा फेटा, खांद्यावर गदा. ती कुस्ती मला आठवत होती. तिच्या दोनच दिवस आधी, तालमीच्या मागच्या खोलीत, मी नामाच्या दंडावर सुई मारली होती.

हिराबाईने माझी नजर बघितली आणि बोलायला लागली.

"घरच्या म्हशीची पहिली धार त्येच्या तोंडात. तूप, बदाम. त्येच्या पायी आमी कोरडी भाकरी खाल्ली. कधी सुपारीचं खांड त्येच्या तोंडात बघितलं न्हाई म्या. आणि मेल्यावर सारं गाव म्हनतंय, दारूनं गेला. डॉक्टर बी तेच, कितीची पीत हुता? तू संगं हुतास. तू सांग, माझा नामा पीत हुता?"

"न्हाई, मावशी. कधीच न्हाई."

"ऐकलंस का गं?" ती आत बघून म्हणाली. नामाची बायको उंबऱ्यात येऊन उभी होती. "हिला बी वाटतं, चोरून पीत असंल." हिराबाईने पदराने फोटोची काच पुसली. "एवढंच उरलंय माझ्याजवळ बघ. त्यो दुधावर वाढलेला पैलवान हुता, एवढंच."

आता सांगायचं होतं. अण्णा माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं.

"मावशी..."

"काय रं?"

"पानी द्या जरा."

मी पाणी प्यायलो. तांब्या खाली ठेवला. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. अण्णांनी आधी माझ्याकडे, मग फोटोकडे, मग त्या बाईकडे पाहिलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "मी कंपाउंडर हुतो. तुमचा नामा सुट्टीत आमच्याकडं यायचा. एकदा त्याला ताप भरला. मी सुई दिली. सिरिंज नीट उकळली नव्हती. तुमच्या पोराचं लिव्हर दारूनं न्हाई गेलं. त्या सुईनं गेलं."

नामाला आमच्या घरी कधी साधी शिंकसुद्धा आली नव्हती.

"दारू नव्हती?" हिराबाईने विचारलं.

"नव्हती. शपत घेऊन सांगतो."

"तुमची सुई हुती."

"माझी हुती. सूनबाईंनी रक्त तपासून घ्यावं, तेवढं सांगाय आलो."

नामाची बायको उंबऱ्यातच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. हिराबाई अंगणात गेली आणि गल्लीत ओरडली, "या गं साऱ्याजणी! बघा! माझा नामा दारूनं न्हाई मेला! ह्या म्हाताऱ्यानं मारला त्येला, ह्या म्हाताऱ्यानं!"

दारं उघडली. बायका आल्या, चार-दोन माणसं आली. अण्णा बाहेर जाऊन अंगणाच्या मधोमध हात जोडून उभे राहिले. कोणीतरी विचारलं, खरं काय हो? अण्णा म्हणाले, खरं. दुसऱ्याने विचारलं, त्यालाही म्हणाले, खरं. हिराबाई त्यांच्या तोंडासमोर हात नाचवत होती. "सहा वरसं! सहा वरसं माझ्या लेकराला दारुड्या म्हनत्यात ही माणसं! तवा का न्हाई आलासा? जीभ झडली हुती?"

"चुकलं," अण्णा म्हणाले.

मी मागे, घोंगड्याच्या कडेला उभा. मला दोन पावलं पुढे टाकायची होती आणि एक वाक्य बोलायचं होतं. अंगात ताकद परत आली होती. डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं, बरे झालात.

हिराबाई वळली आणि माझ्याकडे आली. तिचा चेहरा ओला झाला होता. तिने दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, माझ्या त्या नव्या, मऊ केसांवरून हात फिरवला.

"तू खरा दोस्त, बाळा," ती म्हणाली. "सख्ख्या बापाला धरून आणलंस. माझ्या नामाचं नाव धुतलंस. देव तुला शंभर वरसं देऊ दे."

अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. अण्णाही बघत होते.

मी खाली वाकलो आणि तिच्या पाया पडलो.